कोळसा, कोयता आणि ग्रामसभा

यातले दोघे मामा-भाची आहेत. मामा परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. भाची बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, आष्टी-पाटोद्याच्या बाजूला, पाणलोटाचं काम करणारी. दोघंही मी रचलेली आहेत. त्यांच्या तोंडचे आकडे मात्र रचलेले नाहीत. हवामान बदलाबाबत गावानं काय करावं, या विषयावर आपल्याकडे एक तर गौरवलेख छापून येतात, नाहीतर हेटाळणी. दोन्हींचा कंटाळा आला, म्हणून या दोघांना समोरासमोर बसवलं. घर परळीतलं, वेळ रात्रीच्या जेवणानंतरची. भाचीनं नुकतंच सांगितलंय, की तिच्या एका गावानं ‘कार्बन न्यूट्रल’ व्हायचा ठराव केला.

मामा : ठराव केला म्हणजे नेमकं काय केलं?

भाची : पाच हजार झाडं लावायची. शाळेवर आणि ग्रामपंचायतीवर सौर पॅनेल. कचरा जाळायचा नाही, घरोघरी शोषखड्डे. ‘माझी वसुंधरा’ अभियानात नाव घातलंय. भंडारा जिल्ह्यातल्या बेला गावाला कार्बन न्यूट्रल पंचायतीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हापासून आमच्या सरपंचबाईंनी मनावर घेतलंय.

मामा : आता माझा हिशेब ऐक. आमच्याकडचा अडीचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर तासभर चालला, की अडीच लाख युनिट वीज होते. कोळशाच्या विजेला युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड धर, थोडा इकडे-तिकडे. म्हणजे तासाला अडीचशे टन. चांगलं मोठं झालेलं झाड वर्षाला वीसेक किलो शोषतं असं ढोबळमानानं धरतात. कर भागाकार.

भाची : साडेबारा हजार झाडं.

मामा : साडेबारा हजार झाडांनी वर्षभर राबायचं, तेव्हा एका संचाचा एक तास फिटणार. तुमची पाच हजार झाडं सगळीच्या सगळी जगली, तरी आमची चोवीस मिनिटं झाली. आणि सगळी जगत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

भाची : मग लावायचीच नाहीत?

मामा : लावा की. सावलीला लावा, शेळ्यांच्या पाल्याला लावा, चिंचेचे चार पैसे मिळावेत म्हणून लावा. पण त्यावर ‘हवामान बदलाशी लढा’ असा फलक लावू नका. भारतात माणशी वर्षाला दोनेक टन कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. आणि या दोन टनांतही मी आहे, मुंबईतले एसी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. तुझ्या गावातल्या बाईच्या वाट्याला त्यातलं काय येतं? चुलीचा धूर आणि वर्षातून दोनदा एसटीचा प्रवास. जिनं कर्ज काढलंच नाही, तिला हप्ते भरायला का बसवता?

(इथं मला मामांची बाजू घ्यावीशी वाटते. सरकारी अभियानांत गावांना हवामानाची शपथ दिली जाते. ती घेणाऱ्यांनी हवेत काय सोडलंय, हे शपथ देणारे विचारत नाहीत.)

भाची : कार्बनचं मान्य. सरपंचबाईंनाही मी हेच सांगणार आहे. पण हवामान बदल आमच्याकडे टनांत येत नाही ना. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो गारांच्या रूपानं आला, काढणीला आलेली ज्वारी-हरभरा आडवा केला. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस आलाच नाही. जनावरं छावणीत, माणसं टँकरमागं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात एवढा आला, की सिंदफणा आणि सीना पात्रात मावल्या नाहीत, काठची माती खरडून गेली. खाली नुसता मुरूम उरलेलं रान बघितलंय मी. त्या शेतकऱ्याला चोवीस मिनिटांचा हिशेब सांगून काय उपयोग? कोळसा थांबवणं त्याच्या हातात नाही. पाऊस असा वेड्यासारखा वागणार हे धरून शिवार तयार ठेवणं, एवढंच त्याच्या हातात आहे.

मामा : म्हणजे हे जगून राहायचं काम झालं. त्याला तेच नाव द्या.

भाची : नावाचं राहू द्या. तुमचंच केंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत का बंद पडलं होतं?

मामा : पाणी नव्हतं म्हणून.

भाची : कोळसा होता?

मामा : कोळशाचा प्रश्नच नव्हता. खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरलं नाही. वाफ करायला पाणी लागतं, ती थंड करायला त्याहून कितीतरी जास्त लागतं. एकेक संच उतरवत गेलो, अकराशे तीस मेगावॉटचं केंद्र शून्यावर आणलं. बॉयलर फुटला, टर्बाइन बिघडलं, तर माणूस हातपाय हलवतो; तेव्हा करायला काही नव्हतंच. कंत्राटी कामगारांना घरी बसवलं. चहाच्या टपऱ्या बंद झाल्या. २०१५ ला पुन्हा तेच. गोदावरीच्या वरच्या धरणांत पाणी अडलं, जायकवाडी कोरडी राहिली, तर खाली माजलगाव-परळीला काय येणार?

भाची : म्हणजे एवढी मोठी यंत्रणा, आणि ती शेवटी गावच्या विहिरीसारखीच आभाळाकडे बघत बसली. तुम्ही मला आकाराचा मोठेपणा सांगत होतात.

मामा : टोमणा कळला. पण त्यानं तुझं म्हणणं सिद्ध होत नाही. तुमची गावं तयार आहेत, हे दाखव.

भाची : पाण्याचा ताळेबंद दाखवते. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरचं शिवार आणि पाचशे मिलिमीटर पाऊस धरा, पाचशे कोटी लिटर झालं. ऐकायला प्रचंड वाटतं. त्यातलं बरंचसं उडून जातं, पीक पितं, ओढ्यानं वाहून जातं. आपला काळा पाषाण. वरचा मुरूम आणि भेगा सोडल्या तर त्याला पोटच नाही. दहाएक टक्के मुरलं तर डोक्यावरून पाणी. म्हणजे पन्नास कोटी लिटर, तेही बरा पाऊस झाला तर. आता खर्च. दीड हजार वस्ती, माणशी रोज पंचावन्न लिटर, वर्षाला तीन कोटी. जनावरांचे आणखी कोट-दीड कोट. उरलं ते रब्बीला. आणि पाटानं पाणी देऊन ऊस लावला, तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर पकडा.

मामा : म्हणजे दीड हेक्टर उसात गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी.

भाची : आणि पंचवीस हेक्टर उसात मुरलेलं सगळं. शिवाराच्या अडीच टक्क्यांत! हा हिशेब भिंतीवर लिहिला, की बोलणं बदलतं. हिवरे बाजारनं हेच केलं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरावर समतल चर झाले, ओढ्यावर बंधारे झाले. पण त्या गावाचं खरं काम बंधाऱ्यात नाही. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, हे त्यांनी ठरवलं आणि पाळलं. पावसाळा संपला की विहिरींची पातळी मोजतात, ताळेबंद मांडतात, आणि यंदा रब्बीला काय घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी झाला तर आधी उन्हाळी पिकांवर फुली.

मामा : आलं हिवरे बाजार. वाटच बघत होतो. मी नोकरीत होतो तेव्हापासून ऐकतोय, राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार, हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी. राज्यात चाळीस हजारांवर गावं आहेत. तीस-पस्तीस वर्षांत ही नावं पाच-पन्नासवर का गेली नाहीत? दर वेळी तेच पाहुणे, तीच बस, तेच फोटो. ज्या औषधानं दोनच रोगी बरे होतात, त्याला मी औषध म्हणत नाही. तिथं एक खमका माणूस होता, त्यानं गाव ओढलं. तुमच्या सगळ्या चळवळीचं गणित एका खमक्या माणसावर अडलेलं आहे.

भाची : थोडं खरं आहे.

मामा : आणि सरकारनं जेव्हा ते सगळीकडे न्यायचं ठरवलं, तेव्हा काय झालं? जलयुक्त शिवार. नऊ हजार सहाशे कोटींच्या वर खर्च. महालेखापरीक्षकांचा २०२० चा अहवाल काढून वाच. भूजल वाढवायला आणि टँकर कमी करायला फारसा उपयोग झाला नाही, असंच त्यांचं म्हणणं.

भाची : वाचलाय. आणि म्हणूनच म्हणते, की सरकारनं हिवरे बाजारची जी बाजू उचलायला सोपी होती ती उचलली. जेसीबी लावून ओढा रुंद-खोल करता येतो, त्याची मापं घेता येतात, बिल काढता येतं. ‘यंदा मी कांदा लावणार नाही’ याचं बिल निघत नाही. पाणी अडवायला पैसे मिळाले. ते वापरायचं कसं, यावर बोलायला कुणी आलं नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये २०१६ पासून लोकांनी उन्हातान्हात पंचेचाळीस-पंचेचाळीस दिवस श्रमदान केलं. त्यातला आनंद मी डोळ्यांनी पाहिलाय, त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच काही गावांत पुढच्या दोन वर्षांत बोअरच्या गाड्या आल्या. साठवलेलं पाणी ज्याचा बोअर खोल त्याचं.

मामा : मग शेततळी का दिली? ती तरी बरी ना?

भाची : पावसाचं पाणी धरणारं तळं बरंच. पण आमच्याकडे कागद अंथरलेलं तळं म्हणजे काय असतं, सांगू? नोव्हेंबरात विहिरीतून, बोअरमधून पाणी उपसून तळ्यात भरायचं. जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी वर आणून आपल्या नावावर करायचं. एप्रिल-मेच्या उन्हात त्यातलं दिवसाला सेंटिमीटरभर वाफ होऊन जातं. डाळिंबवाल्याला दोष देत नाही मी. शेजाऱ्यानं भरलं आणि आपण नाही भरलं, तर जानेवारीत आपलीच विहीर आटते, हे त्याला दिसतं. एकट्यानं शहाणं व्हायची सोयच नाही यात. म्हणून गावाचा नियम लागतो.

मामा : कायदा आहे की. दोनशे फुटांखाली बोअर घ्यायला बंदी आहे.

भाची : भूजल कायदा. २००९ चा, लागू झाला २०१४ ला. साठ मीटरची मर्यादा त्यात आहे. आमच्या भागात पाचशे फुटांवर पाणी लागलं तर पेढे वाटतात. गाडीवाल्याला कोण विचारतं? अधिकार ठेवलाय राज्याच्या प्राधिकरणाकडे. ग्रामसभेनं ठराव केला आणि एखाद्यानं तो मोडला, तर गाव त्याचं काय करणार? फार तर बोलणं टाकेल. तिकडे गडचिरोलीत मेंढा-लेखाचं बघा. वनहक्क कायद्यामुळं २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ ला बांबूच्या वाहतुकीचा पास द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, कुणाला विकायचा, हे गाव ठरवतं आणि त्या ठरवण्याला कायद्याचा आधार आहे. आम्हाला पाण्याचा तसा हक्क कुणी दिला नाही. खमका माणूस लागतो तो त्यामुळं.

मामा : हे मात्र तू आधी बोलायला हवं होतंस. खमका माणूस म्हणजे नसलेल्या कायद्याची जागा भरून काढणारा, असं म्हणायचंय तुला.

भाची : आणि तो गेला की जागा पुन्हा रिकामी. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. जमिनीवर नाही, माणसांवर पाणी वाटलं. डोई अर्ध्या एकराला पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, ऊस नाही, आणि भूमिहीनालासुद्धा पाण्यात वाटा. मामा, पन्नास वर्षांपूर्वी! आजही सरकारी योजनांत भूमिहीनाला पाण्याचा वाटा सहसा नसतो. पुढे त्यातल्या कितीतरी योजना थंडावल्या. विचार उरला, त्याला कायद्याचं बळ मिळालं नाही.

मामा : चल, आता मी माझ्या खात्यातलं एक सांगतो. माझं तोंड कायम कोळशानं काळं असं तू धरून चालतेस, पण सौर ऊर्जेच्या मी विरोधात नाही. साताऱ्यातल्या मान्याची वाडीत सगळी वाडी सौर झाली, शंभरेक घरांची. चांगलं आहे. पण सौर कृषिपंपाचं मला भय वाटतं.

भाची : का? रात्री-अपरात्री दारं धरायला जायचं वाचलं. एरवी आठवड्यातले काही दिवस दिवसा वीज, काही दिवस रात्री. विंचू-सापाचं भय वेगळंच. ज्याच्या रानात सौरपंप बसला तो माणूस पहिल्यांदा रात्रभर झोपला.

मामा : ते सगळं कबूल. पण बघ, पंप बंद करायला माणसाला काहीतरी कारण लागतं. पूर्वी लोडशेडिंग हे कारण होतं. बिल हे कारण होतं, जरी कुणी भरत नसलं तरी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज २०२४ पासून माफ झाली, बिल गेलं. सौरपंपाला तर तारही नाही. ऊन आहे तोवर पंप चालू. कार्बनच्या वहीत हा पंप पुण्यवान, आणि विहिरीच्या वहीत?

भाची : दरोडेखोर.

मामा : मी तो शब्द वापरणार नव्हतो. पण हवामानाच्या नावानं एका हातानं दिलं आणि त्याच नावानं दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असं होणार हे.

(ठिबकचंही असंच झालं. वाचलेल्या पाण्यावर लोकांनी क्षेत्र वाढवलं. यंत्रानं बचत होते. ती बचत राखून ठेवायला यंत्र नसतं.)

भाची : मग तुमच्या वहीत माझाही एक हिशेब बसवून बघा. पंपाच्या एका युनिटमध्ये किती पाणी वर येतं?

मामा : खोलीवर आहे. थांब, कागद दे. पंप आपल्याकडचा, म्हणजे विजेतला चाळीस टक्के भाग कामी येतो असं धरू. शंभर फूट विहीर, तीस मीटर. एका युनिटला… पाचेक हजार लिटर.

भाची : आणि पाचशे फूट बोअर?

मामा : दीडशे मीटर. पाचपट खोल, पाणी पाचवा हिस्सा. युनिटला हजार लिटर.

भाची : आणि युनिटमागे किलोभर कार्बन. तुम्हीच म्हणालात.

मामा : म्हणजे… हजार लिटरला बोअरवर एक किलो, विहिरीवर दोनशे ग्रॅम.

भाची : पन्नास कोटी लिटरचा विचार सोडा, गावानं वर्षाला दहा कोटी लिटर बोअरऐवजी विहिरीतून उचललं तर?

मामा : शंभर टन होते ते वीस टन. ऐंशी टन वाचले. (थोडं थांबून) चार हजार झाडांचं काम.

भाची : एकही झाड न लावता. नुसती पातळी वर ठेवून. आता सांगा, बोअरबंदीचा ठराव हे नुसतं जगून राहायचं काम आहे का?

मामा : माझ्या एका संचाची वीस मिनिटंसुद्धा होत नाहीत.

भाची : एका गावाची. पण ही झाडांसारखी शोभेची वीस मिनिटं नाहीत. यांत पाणी शिल्लक राहतं आणि कोळसाही. राज्यातली किती वीज शेतीपंपांना जाते, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

मामा : हं. फीडरवर मीटर असतो. शेतीचा फीडर वेगळा केलेला असेल, तर महिन्याला गावानं किती युनिट उपसली ते कळतं. पंपांना मीटर नसले तरी. त्यावरून पाणी किती उपसलं याचा अंदाज काढता येईल. तुमच्या ताळेबंदात जमेची बाजू मोजलेली असते, खर्चाची बाजू सगळी ‘कोण काय पेरतो’ यावर. तिथं हा आकडा घालायला हवा. सौरपंप आले की तोही हाताचा जाईल, हे लक्षात ठेव.

भाची : याल तुम्ही? एक दिवस उपकेंद्रात बसून काढू.

मामा : येईन. पण आधी मला एक सांग. हा तुमचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात कधी?

भाची : पावसाळा संपून पातळी स्थिरावली की. ऑक्टोबरच्या शेवटाला, नोव्हेंबरात.

मामा : नोव्हेंबरात तुमच्या गावात असतं कोण?

(भाची गप्प बसली, असं मी इथं लिहितो. कारण बीडच्या डोंगरपट्ट्यात काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारला, तर तो गप्प बसेल.)

मामा : परळीतून मी चाळीस वर्षं बघतोय. दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक भरायला लागतात. भांडीकुंडी, पाचट झाकायला कागद, शेळी, लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. परत येतात ते शिमग्याच्या पुढं, कधी पाडव्याला. म्हणजे ज्या घरांना पाणी नाही म्हणून गाव सोडावं लागतं, ती घरं ट्रकमध्ये. आणि ज्यांना विहीर आहे ते चावडीवर बसून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात. हीच ती तुझी ग्रामसभा?

भाची : आमच्या शिवारात ऊस नाही आणि आमचं निम्मं गाव उसात.

मामा : वाक्य चांगलं आहे. उत्तर दे.

भाची : उत्तर नाही माझ्याकडे. म्हणजे आहे, पण मला ते आवडत नाही. गावात उरलेले लोक चांगले आहेत, मामा. हिशेबाला पक्के आहेत. ‘तू कांदा दोन एकरच लाव’ असं सख्ख्या भावाला सांगणारे आहेत. पण भूमिहीनाचा वाटा, कोयत्यावर गेलेल्याच्या एका एकराला एक पाणी, हा विषय ते आपणहून काढत नाहीत. काढणारही नाहीत. मीच काढला नाही, कारण बोअरबंदीचा ठराव कसाबसा होत आला होता, तो मोडला असता.

मामा : आणि चराईबंदी?

भाची : तेही आहेच. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आदर्श गाव म्हटलं की पहिल्या ओळीत हेच. डोंगर हिरवा होतो हे खरंय, पहिल्या दोन पावसाळ्यांत फरक दिसतो. गवत विळ्यानं कापून नेता येतं, म्हशीवाल्याला ते परवडतं. शेळ्या विळ्यानं कापलेल्या गवतावर जगत नाहीत. आणि शेळ्या कुणाच्या असतात? ज्याला जमीन नाही त्याच्या. विधवा बाईच्या. डोंगर राखायचा खर्च तिनं द्यायचा आणि खाली विहिरीत उतरलेलं पाणी दुसऱ्यानं घ्यायचं. जिथं चराई टप्प्याटप्प्यानं बंद केली, एक डोंगर राखला आणि दुसरा मोकळा ठेवला, तिथं भांडणं कमी झाली. पण त्याला वेळ जास्त लागतो, आणि प्रकल्प तीन वर्षांचा असतो.

मामा : म्हणून मी सरकार, कायदा, मोठी यंत्रणा म्हणतो. गाव म्हणजे काही देवघर नाही. तिथंही वरचे-खालचे आहेतच.

भाची : आणि तुमची मोठी यंत्रणा काय करते? तिनंच पश्चिम महाराष्ट्रात उसाला धरणं दिली आणि आमच्याकडून कोयते नेले. तिथं कुणाला विचारलं होतं का? निदान ग्रामसभेत उठून बोलायची जागा तरी आहे. मंत्रालयात कुठं उठायचं?

मामा : दमलो आता. एक शेवटचं. परवा तू म्हणालीस, झाडांचे पैसे मिळवून देणारे कुणी आले होते.

भाची : कंपनीचे लोक. बांधावर झाडं लावा, आम्ही कार्बन मोजू, विकू, तुम्हाला हिस्सा देऊ. पंधरा-वीस वर्षांचा करार.

मामा : सही करू नका. तुमच्या झाडाच्या नावानं कुठंतरी कुणीतरी जास्तीचा धूर सोडायची मुभा विकत घेणार. मी जन्मभर धूर सोडला, निदान दुसऱ्याच्या आंब्याखाली तो लपवला नाही.

भाची : पटतं. पण ज्या माणसाला मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, त्याला मी ‘तत्त्वासाठी हे पैसे सोड’ कुठल्या तोंडानं सांगू?

मामा : मग ग्रामसभेत करार मोठ्यानं वाचा. वीस वर्षांत झाड वठलं तर कोण भरणार, ते विचारा. झाड वठेल त्या वर्षी तो माणूस कुठं असेल तेही विचारा.

भाची : ते करू. ग्रामसभेतच करू.

मामा : सगळे गावात असताना.

मामा-भाचीचं इथवर आलं आणि मी त्यांना थांबवलं. आता माझं म्हणणं. गावाकडे कार्बनचा हिशेब मागू नये. तो परळी-चंद्रपूरच्या चिमण्यांकडे आणि त्यांची वीज वापरणाऱ्या माझ्यासारख्यांकडे मागावा. पाण्याचा हिशेब मात्र गावानंच मांडायला हवा आणि तो मोडणाऱ्याला अडवायचा अधिकार कायद्यानं ग्रामसभेला मिळायला हवा. हा कायदा होईल तेव्हा होईल.

एक गोष्ट मात्र याच वर्षी, कुणाचीही परवानगी न घेता करता येते. २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतेच. तोवर पाऊस बहुतेक पडून गेलेला असतो, विहिरींची पातळी मोजता येते, पुढच्या पंधरा दिवसांत पडेल त्याची नंतर बेरीज-वजाबाकी करता येते. ज्या गावांत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि ज्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्याही निघतात, तिथल्या सरपंचांना माझी विनंती आहे, की ताळेबंद त्याच ग्रामसभेत घ्या आणि भूमिहीनांच्या वाट्याचा विषय पत्रिकेवर पहिला ठेवा. नोव्हेंबरात घ्याल तर तो विषय मांडणारी माणसं फडात असतील.